बारी

दांडिया बाजारातल्या वाचनालयाची मागची खोली
अकरा ते एक मला मिळाली होती,
एका अटीवर: पंखा तीनच्या पुढे न्यायचा नाही.
छत्तीस माणसं, सगळी साठीच्या पुढची,
सगळी घरात मराठी, दाराबाहेर गुजराती.
चिठ्ठ्या टाकून तीन गट पाडले, बाराबाराचे.

पहिल्याला वीस शब्द मराठीतून वाचून दाखवायचे,
दुसऱ्याला गुजरातीतून,
तिसऱ्याला मिसळून, एक इकडचा एक तिकडचा.
मग शंभरावरून तीन-तीन वजा करत उलटं यायचं,
आणि मग आठवेल ते सांगायचं.
छत्री मी आधीच काढून टाकली. ती दोन्हीकडे छत्रीच.
मीठ मात्र चुकून राहिलं,
आणि माणूस मीठ म्हणाला की मीठुं
हे रेकॉर्डिंग चारदा ऐकूनही ठरत नाही.

तिसऱ्या गटात सातवे भालचंद्र फणसे,
प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यातले निवृत्त फिटर.
मी वाचलं होतं बारी. ते म्हणाले, खिडकी.
मी वाचलं होतं उशी. ते म्हणाले, ओशीकुं,
आणि मान अशी कलती केली
की ती डोक्याखाली आहेच.
दोन्हींपुढे मी फुली मारली.
"नापास का गं?"
"नाही काका, यात तसं काही नसतं."

नियम माझाच होता, श्रावणात लिहिलेला,
एकही माणूस त्या खोलीत येण्याआधी:
तोच शब्द, त्याच भाषेत, तरच बरोबर.

सरासऱ्या आल्या. अकरा. साडेदहा. आठ.
आता फक्त भागाकार.
वर ठेवायचं गटागटांतलं अंतर,
खाली एकाच गटातल्या माणसांचं:
यमूताई खानविलकरांचे पंधरा, शेजारच्या खुर्चीत सहा,
कुणाची रात्री झोप झालेली नाही,
कुणाचं कानातलं यंत्र घरी राहिलं,
कुणी चाळीस वर्षं दुकानात याद्याच पाठ केल्या.
पुस्तकात या सगळ्याला मिळून एकच शब्द आहे, त्रुटी.
तो लिहिला आणि पुढे गेले.
एफ आला चार पूर्णांक बासष्ट.
हद्द सव्वातीनच्या जरा पुढे होती. ओलांडली.
स्वतःसाठी चहा केला, जास्त आलं घालून.

रात्री आतून आई म्हणाली,
"बारी लाव गं, डास येतायत."
उठले, खिडकी लावली,
परत येऊन बसले
आणि बराच वेळ काही लिहिलं नाही.

मग नुसतं बघावं म्हणून
फुल्या पुन्हा काढल्या.
खिडकीला बारी धरलं, ओशीकुंला उशी.
तिसऱ्या गटात तेवीस शब्द परत आले.
आठाचे जवळजवळ दहा झाले.
तोच भागाकार आता एकाच्याही खाली,
म्हणजे गटागटांत जे आहे
ते माणसामाणसांत असतं तेवढंही नाही.

नीरूबेननी दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले.
खाली रस्त्यात मांजा रंगवत होते,
एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत गुलाबी दोरा,
सायकलवाले वाकून खालून जात होते.
"नियम पहेलां लख्यो हतो ने?"
"हो."
"तो पछी?"

प्रबंधात चार पूर्णांक बासष्टच गेलं.
तेवीस शब्द पान एकशेआठवर,
तळाशी, बारीक टायपात.

उत्तरायण झाल्यावर सूरसागरच्या पाळीवर
फणसेकाका भेटले, हातात भाजीची पिशवी.
"ते ओशीकुं धरलंत का शेवटी?"
म्हटलं, "धरलं. तळटीपेत."
"म्हणजे कुठे?"
"पानाच्या पायाशी, काका."
ते थांबले. पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
"उशी," म्हणाले, "पायाशी?"